म्हातारबाचं निर्लेखन

शाळेचा कॉम्प्युटर साडेदहाला हवा असेल तर द्वारकाबाई तो नऊ वाजता सुरू करीत. बटण दाबायचं, मग वर्गांची कुलपं काढायची, पटांगण झाडायचं, माठ भरायचे, घंटेखाली झोपलेलं कुत्रं हाकलायचं. एवढं उरकून त्या ऑफिसात डोकावत तेव्हा पडद्यावर निळा रंग आलेला असे. "उठून राहिला," असं म्हणून त्या चहा ठेवायला जात. चहा पिऊन, कप विसळून आल्या की तो पूर्ण उठलेला असे. निदान बहुतेक दिवशी तरी.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी खापरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत हा कॉम्प्युटर चौदा वर्षांपूर्वी आला, तेव्हा त्याची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती. पुढे तो हळू होत गेला आणि त्याचं नाव म्हातारबा पडलं. नाव ठेवण्यात हिणवणं नव्हतं. चौदा वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. लाइट गेली, छप्पर गळलं, तीन मुख्याध्यापक बदलले, म्हातारबा आपला सुरूच. फक्त कुठलंही काम सांगितलं की तो आधी विचार करी.

नववीतल्या एका पोराने बोनाफाईड मागितलं आणि ते छापून निघेपर्यंत त्याला मिशा फुटल्या, असं गावात सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. मिशा त्याला आधीपासून होत्या.

या म्हातारबासमोर चौदा वर्षं बसलेला माणूस म्हणजे शाळेचे क्लार्क देविदास. त्याआधी ते टाइपरायटरवर होते आणि तालुक्यात त्यांच्या वेगाला तोड नव्हती. बोट पडलं की अक्षर उमटे, असा तो काळ. म्हातारबापुढे ते एक ओळ टाइप करीत, उठून तोंड धुऊन येत, आणि मग अक्षरं पंगतीला आल्यासारखी एकेक करून येऊन बसत. एखादं अक्षर मागे राहिलं तर बाकीची त्याच्यासाठी थांबत.

देविदास रिकामे बसणारे नव्हते. वाट पाहता पाहता ते बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणत. कपाटामागे बाजेची चौकट उभी करायची, 'सेव्ह' म्हणायचं आणि सुतळी ओढायला घ्यायची. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी देविदासांनी विणलेली बाज आहे. सध्या लेकीची, शिवकन्येची बाज चालू होती. ती दिवाळीला बाळंतपणासाठी येणार होती.

पण बाज ही बाज आणि इच्छा ती इच्छा. मार्चअखेर देविदास निवृत्त होणार होते. आठ महिने उरले होते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, बटण दाबावं आणि अक्षर तेव्हाच उमटावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण मुख्याध्यापिका शिला मॅडमना तसे एकोणीस अर्ज दिले होते.

ऑगस्टात संस्थेचं पत्र आलं. एक नवा कॉम्प्युटर मंजूर झाला होता. एकच. तो खापरवाडीला मिळेल किंवा हट्टा गावच्या शाखेला. खापरवाडीला हवा असेल तर आधी जुन्याचं निर्लेखन व्हावं लागेल, म्हणजे तो निरुपयोगी आहे असं समितीने स्वतः पाहून त्याला दफ्तरातून कमी करावं लागेल. सोबत तक्ता होता. बटण दाबल्यापासून पडदा पूर्ण येईपर्यंत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तरच यंत्र निरुपयोगी.

पत्र वाचून देविदास कित्येक महिन्यांनी हसले.

"पंधरा मिनिटं! मॅडम, पंधरा मिनटात त्याला बटण दाबलं हे बी कळत न्हाई."

"मग झालंच समजा, देविदासभाऊ," शिला मॅडम म्हणाल्या. "सोमवारी समिती येणार. मी आहे, संस्थेचे सचिव धर्मसिंग साहेब आहेत, आणि तज्ज्ञ म्हणून हिंगोलीचे रत्नपाल सर. ते कॉम्प्युटरचा क्लास घेतात."

हे बोलणं चालू असताना द्वारकाबाई दारात उभ्या होत्या.

"कोण येऊन राहिलं जी?"

"पाव्हणे," देविदास खुशीत म्हणाले. "म्हातारबाला पाह्यला."

द्वारकाबाईंनी तीन लेकींची लग्नं केली होती. पाहायला येणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

सोमवारी देविदास समितीला आणायला सकाळीच फाट्यावर गेले. मागे द्वारकाबाईंनी खेळाच्या खोलीतून फुटबॉलात हवा भरायचा पंप काढला, सुताराकडून पेचकस आणला आणि म्हातारबाच्या डब्याची एक बाजू उघडली. आत पाहून त्या म्हणाल्या, "अगो माय!"

तर त्याचं असं होतं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा द्वारकाबाई करीत. घंटा, कात्री, खडूची पेटी, विळा आणि कॉम्प्युटर. पडद्यावर अक्षता टाकल्या तर त्या घसरून खाली पडत. द्वारकाबाईंना ते बरं दिसत नसे. देव खरा आत, डब्यात, जिथून गरम वारं येतं तिथे. म्हणून त्या अक्षता मागच्या जाळीतून आत सोडीत. चौदा दसरे.

पंप मारल्यावर जे निघालं ते सुपात मावेना. पसाभर अक्षता, वाळून काळे पडलेले झेंडू, उदबत्तीची राख, गोधडीच्या अस्तरासारखी जाड धूळ, एक सुपारी आणि एका पालीचं रिकामं बिऱ्हाड. द्वारकाबाईंनी अक्षता वेचून चिमण्यांना टाकल्या. चिमण्यांनी त्या पाहिल्या आणि दुसरीकडे गेल्या.

अकरा वाजता समिती आली. धर्मसिंग साहेब खुर्चीत बसले, म्हणजे खुर्ची दिसेनाशी झाली. रत्नपाल सर पंचविशीतले, खांद्याला बॅग आणि हातात मोबाइलवर घड्याळ लावलेलं. देविदासांनी चहा सांगितला, नंतर पोहे सांगितले, आणि वेळ जाईल म्हणून आजचा पेपरही आणून ठेवला.

"आरामात होऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "पोहे खाऊन, पेपर वाचून हुईल तवर निळा रंग येतो."

रत्नपाल सरांनी बटण दाबलं.

धर्मसिंग साहेबांनी पेपर उघडला आणि पहिली बातमी वाचायच्या आत म्हातारबाने "टिंग" असा आवाज केला. पडदा पूर्ण आला होता. डोंगराचं चित्र, सगळी चिन्हं, कोपऱ्यात घड्याळ.

"अठ्ठावन्न सेकंद," रत्नपाल सर म्हणाले.

देविदास म्हातारबाकडे असे पाहत होते, जसं घरच्या माणसाने कोर्टात उलटी साक्ष दिल्यावर पाहावं.

"देविदास," धर्मसिंग साहेब पेपर मिटत म्हणाले, "तुम्ही अर्जात लिहिलं की मशीन मरणपंथाला लागली. ही तर बोहल्यावर उभी राहायला तयार आहे."

"नाटक हाय, साहेब. देवाशप्पथ नाटक हाय. पाव्हणे दिसले की म्हातारी माणसं अशीच करतात. सहा महिने अंथरुणात असतात अन् व्याही आले की उठून पान लावतात."

"कोणी साफ केलं का हे?" रत्नपाल सरांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी सूप पुढे केलं. रत्नपाल सरांनी सुपातली सुपारी उचलून पाहिली. मग त्यांनी म्हातारबाच्या डब्यावर हात ठेवला, एखाद्या वडीलधाऱ्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"एवढं पोटात घेऊन हे चौदा वर्षं चाललं?" ते म्हणाले. "साहेब, आतला पंखा अडला की मशीन तापतं. तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच हळू चालायला लागतं. दुपारच्या उन्हात बैल कसा पाऊल आवरून टाकतो? तसं. दुसरं कोणतं मशीन असतं तर कधीच जळून गेलं असतं. हे आडमुठं नव्हतं, हे जपून चालत होतं."

"म्हंजे पसंत हाय ना?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"पसंत आहे, बाई," धर्मसिंग साहेब उठत म्हणाले. "बराबर पसंत आहे. नवीन कॉम्प्युटर हट्ट्याला जाईल."

समिती गेली. देविदासांनी पोहे एकट्याने खाल्ले.

द्वारकाबाईंचा मात्र आनंद गगनात मावत नव्हता. पाहायला आले आणि पहिल्या झटक्यात पसंत करून गेले, हे त्यांच्या तिन्ही लेकींच्या बाबतीत घडलं नव्हतं. आता नजर लागणार, हे उघड होतं. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि हात सवयीचा, म्हणून चिमूटभर अक्षताही मागच्या जाळीतून आत सोडल्या.

दुपारी तीनला म्हातारबा "कर्र" असा आवाज करू लागला आणि हळू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सुरू व्हायला नऊ मिनिटं लागली.

नऊ मिनिटं हा आकडा देविदासांच्या वर्मी लागला. नऊ मिनिटांत काम होत नाही आणि निर्लेखनही होत नाही. म्हातारबा कामाला नापास होता आणि निरुपयोगी व्हायलाही नापास होता. शाळेत अशी पोरं असतात; ती पुढे बरंच काही करतात, पण क्लार्कला त्यांचा दाखला लिहिताना त्रास होतो.

त्यांनी धर्मसिंग साहेबांना फोन लावला.

"साहेब, बोललो होतो ना? तुमी फाट्यावर पोचले न पोचले, हे आडवं झालं."

"किती मिनिटं?"

देविदास जन्मात खोटं बोलले नव्हते. "नऊ," ते म्हणाले.

"देविदास, तक्त्यात पंधरा आहे."

"आणखी खालावून राहिलं, साहेब. एकदा या. माणूस म्हणून या."

धर्मसिंग साहेब माणूस म्हणून विचारात पडले. "पुढच्या गुरुवारी मी नवीन मशीन घेऊन हट्ट्याला जाणार आहे. डबा जीपमध्येच असेल. वाटेत थांबतो. पंधरा मिनिटांच्या वर गेली तर तुमच्याकडे उतरवतो, नाही तर सरळ हट्टा. त्यानंतर फोन करायचा नाही."

हातात आठ दिवस होते. म्हातारबाला आणखी सहा मिनिटांनी म्हातारं करायचं होतं.

देविदासांनी दुसरा फोन रत्नपाल सरांना लावला. "सर, एक इचारू का? मशीन म्हातारं काहून होतं?"

रत्नपाल सर सहा वर्षं क्लास घेत होते. त्या सहा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना परीक्षेत न येणारा प्रश्न विचारला नव्हता. ते खुर्ची ओढून नीट बसले.

"देविदासभाऊ, मशीन म्हातारं होतच नाही. आतला मेंदू पहिल्या दिवशी जेवढा वेगात चालतो तेवढाच आजही चालतो. आपण त्याच्यावर ओझं टाकत जातो. एक तर डिस्क भरते. गळ्यापर्यंत भरली की एक कागद शोधायला दहा पेट्या उपसाव्या लागतात. दुसरं, मशीन सुरू झालं की जे प्रोग्राम आपोआप उठतात ते. लग्नघरात सकाळी सगळेच एकदम उठले तर मोरीचं काय होतं? तिसरं, दोन-दोन, तीन-तीन अँटिव्हायरस टाकतात लोक. ते व्हायरस सोडून एकमेकांवरच पाळत ठेवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते 'वेग वाढवा' वाले प्रोग्राम. त्यांच्याएवढं हळू जगात काही नाही. यातलं काहीही करू नका."

"न्हाई न्हाई," देविदास म्हणाले आणि लिहीत राहिले. फोन चाळीस मिनिटं चालला. वहीच्या पानावर वरती त्यांनी मथळा दिला होता: 'करावयाची कामे'.

पहिल्या दिवशी त्यांनी तीन अँटिव्हायरस टाकले. तिघांनी एकमेकांना चोर ठरवलं आणि दिवसभर भांडले. साडेनऊ मिनिटं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आपोआपच एक पाटी उगवली: तुमचा कॉम्प्युटर संथ आहे, वेग वाढवायचा का? देविदासांनी होय म्हटलं. तो प्रोग्राम आला आणि त्याने आपल्या भावाची ओळख करून दिली. देविदासांनी त्यालाही होय म्हटलं. असे चार भाऊ आले. अकरा मिनिटं.

"काय करून राहिले तुमी?" द्वारकाबाईंनी विचारलं. "आज तर दोन वेळा चहा करून आले, तरी उठला न्हाई."

"औषध देऊन राहिलो."

"जरा बेतानं द्या. उतारवय हाय."

शनिवारपर्यंत बारा मिनिटं झाली आणि आकडा अडला. म्हातारबा चिवट होता. डिस्क भरणं हा एकच उपाय उरला होता, आणि शाळेकडे भरायला काही नव्हतं. चौदा वर्षांचे सगळे दाखले, पगारपत्रकं, परिपत्रकं मिळून डिस्कचा कोपराही भरला नव्हता. लिहिलेला मजकूर किती कमी जागा खातो, हे पाहून देविदासांना आपल्या नोकरीबद्दल थोडं वाईट वाटलं. जागा खातात ती चित्रं, त्यातही हलती चित्रं, असं वहीत लिहिलेलं होतं.

ते ग्यानोबांकडे गेले.

ग्यानोबा हे पंचक्रोशीतले जुने शूटिंगवाले. मोबाइल येण्याआधी पंधरा वर्षं, गावात कुठल्याही जातीचं, कुठल्याही वाड्यावस्तीवरचं लग्न असो, खांद्यावर कॅमेरा घेऊन ग्यानोबा हजर असत. आता त्यांच्याकडे दोन पोत्यांत सीड्या पडून होत्या. देविदासांनी त्या मागितल्या तेव्हा ग्यानोबांनी एका पोत्यावर हात ठेवला.

"देविदासभाऊ, मी ही पोती घेऊन हिंगोलीची सगळी दुकानं फिरलो," ते म्हणाले. "आता कोणत्याच मशीनला सीडीचं तोंड राहिलं न्हाई. पोरं म्हणतात, काका, भंगारात टाका. दोनशे बारा लग्नं हायेत ही. कशी टाकू? यातली अर्धी माणसं आता फक्त यातच हायेत."

"म्हातारबाला तोंड हाय," देविदास म्हणाले.

खरोखरच होतं. चार दिवस ग्यानोबा ऑफिसात बसून म्हातारबाला एकेक सीडी भरवत होते. तो "घुर्र" करायचा, थांबायचा, विचार करायचा, पण एकही सीडी त्याने परत दिली नाही. ओरखडे पडलेल्या, हळद लागलेल्या, एका बाजूने उंदराने चाखलेल्या सीड्यासुद्धा त्याने वाचल्या. देविदासांना तेव्हा पहिल्यांदा त्याच्याबद्दल अवघडल्यासारखं झालं. ज्याला निरुपयोगी ठरवायचं, त्यानेच एवढं काम करावं, हे बरं नव्हतं. पण गुरुवार जवळ आला होता. त्यांनी शेवटचा डाव टाकला. दोनशे बारांपैकी अकरा लग्नं त्यांनी अशी लावून ठेवली की मशीन सुरू झालं की ती आपोआप उठावीत.

बुधवारी तालीम घेतली. छत्तीस मिनिटं.

देविदास घरी जाऊन शांत झोपले.

गुरुवारी जीप शाळेच्या फाटकात थांबली. मागच्या सीटवर नव्या कॉम्प्युटरचं कोरं खोकं होतं, पट्ट्याने बांधलेलं, लहान लेकरू बांधतात तसं. देविदासांनी खिडकीतूनच त्याला डोळे भरून पाहिलं.

रत्नपाल सरांनी बटण दाबलं. समिती बसली. ग्यानोबा आपल्या रिकाम्या पोत्यांसाठी आले होते, तेही दाराशी उभे राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पोहे आले आणि संपले. तिन्ही अँटिव्हायरस उठले आणि एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चारही भाऊ उठले आणि प्रत्येकाने बाकीच्या तिघांमुळे मशीन हळू झाल्याची तक्रार पडद्यावर मांडली. रत्नपाल सरांनी देविदासांकडे पाहिलं. देविदासांनी बाहेरच्या लिंबाकडे पाहिलं.

"सोळा मिनिटं," रत्नपाल सर अखेर म्हणाले.

शिला मॅडमनी पेन उघडलं. देविदासांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या लग्नात आलं होतं, त्यानंतर आत्ताच.

"पूर्ण वेळ किती, तो रकाना भरावा लागेल," धर्मसिंग साहेब म्हणाले. "पडदा येऊ द्या."

सत्ताविसाव्या मिनिटाला पडद्यावर एक लग्न उगवलं. मांडव, बँड, वरातीचा घोडा. सगळं अतिशय हळू. ढोलावरची काठी खाली यायला पाच सेकंद घेत होती आणि आवाज त्यानंतर केव्हातरी येत होता. घोडा एक पाऊल उचले आणि टेकवायचं की नाही याचा विचार करी.

वरातीच्या मधोमध एक उंच, पांढऱ्या धोतरातला म्हातारा होता. त्याने दोन्ही हात वर करायला सुरुवात केली होती.

"हे कोण?" शिला मॅडमनी विचारलं.

धर्मसिंग साहेब खुर्चीतून उठले. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर संस्थेचे संस्थापक आप्पासाहेब यांचा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोतला चेहरा इतका कडक होता की पोरं त्याच्यासमोर गृहपाठाबद्दल खोटं बोलत नसत. पडद्यावरही तोच चेहरा होता, फक्त तो हसत होता आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी नवरदेवाचा फेटा ठेवला होता.

"हे तर आमचे वडील," धर्मसिंग साहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "आमच्या वडिलांना नाचता येत होतं?"

"जबर नाचायचे, साहेब," ग्यानोबा दारातून म्हणाले. "प्रत्येक वरातीत. कॅमेरा दिसला की गपकन मागं सरायचे अन् मिशीवर हात फिरवायचे, म्हणून मी झाडाआडून घेत होतो."

"घरी कधी हसले नाहीत हो. आम्ही सगळे घाबरत होतो. एक व्हिडिओ नाही आमच्याकडे, एक नाही."

म्हातारबा मात्र घाईत नव्हता. आप्पासाहेबांचे हात वर जायला त्याने पाऊण मिनिट घेतलं. मग त्यांनी एक गिरकी घेतली. ती गिरकी चार मिनिटं चालली. धर्मसिंग साहेबांनी ती पापणी न लवता पाहिली. चांगल्या वेगवान मशीनवर हे सगळं दोन सेकंदांत उरकलं असतं.

गिरकी संपल्यावर ते वळले आणि शिला मॅडमच्या हातातला तक्ता त्यांनी घेतला. रकान्यावर आडवी रेघ मारली.

"निर्लेखन रद्द."

"साहेब!" देविदास ओरडले. "सत्तावीस मिनिटं झाली, साहेब!"

"सत्तावीस काय, सत्तर होऊ द्या. माझ्या बापाला भंगारात देता काय?"

"पण नवीन कॉम्प्युटर..."

"तो इथेच राहील," धर्मसिंग साहेब म्हणाले आणि देविदासांचं काळीज जागेवर आलं. ते धावत जीपकडे गेले, पट्टा सोडला, खोकं स्वतःच्या छातीशी धरून उचललं आणि वयाला न शोभणाऱ्या चालीने ऑफिसाच्या पायऱ्या चढले.

"जपून, देविदास," धर्मसिंग साहेब म्हणाले. "तिकडे नाही. सभागृहात. तिथल्या आप्पासाहेबांच्या मोठ्या फोटोखाली काचेचं कपाट करून घेऊ. ही सगळी लग्नं त्याच्यात ठेवायची. या जुन्या मशीनमध्ये वडिलांना तकलीफ होऊन राहिली. किल्ली माझ्याकडे राहील. आणि हट्ट्याला मी सांगतो काय ते."

देविदास खोकं धरून पायरीवर उभे राहिले. शेवटी द्वारकाबाईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

रत्नपाल सर तीन दिवस येत होते. त्यांनी दोनशे बारा लग्नं नव्या मशीनमध्ये हलवली. तीन अँटिव्हायरस सोडवले, चार भाऊ हाकलले. मग त्यांनी डबा उघडला आणि पंख्याच्या पात्यात अडकलेली एक अक्षता चिमट्याने काढून देविदासांच्या तळहातावर ठेवली.

"एवढीशी?" देविदास म्हणाले.

"एवढीशी. मी दुरुस्त काहीच केलं नाही, देविदासभाऊ. आपण टाकलेलं ओझं तेवढं उतरवलं. बाकी मशीनला सलाम आहे."

सोमवारी सकाळी म्हातारबा पन्नास सेकंदांत उठला. देविदास खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि 'द' दाबला.

'द' उमटला. तेव्हाच.

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा उमटला. त्यांनी अख्खी ओळ 'द'ने भरली. बोटं जुन्या टाइपरायटरच्या चालीवर धावू लागली आणि म्हातारबा एकही अक्षर मागे न ठेवता त्यांच्याबरोबर धावला. चौदा बोनाफाईड, पगारपत्रक, पटसंख्येचा तक्ता, शिक्षणाधिकाऱ्यांना तीन पत्रं, आणि स्वतःचा पेन्शनचा प्रस्ताव. देविदासांनी शेवटचा कागद प्रिंटरमधून काढला आणि घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

ते खुशीत उठले, कपाटामागून शिवकन्येची बाज काढली आणि सुतळीचा पहिला पेड ओढला.

"अरे वा, देविदासभाऊ, रिकामे दिसता," शिला मॅडम दारातून म्हणाल्या.

बाराला ते पोषण आहाराचा तांदूळ मोजत होते. एकला आठवी ब वर बदली तासाला होते. दोनला वृक्षारोपणाची झाडं जगली की नाही ते पाहत होते. जगली नव्हती, तर तसा अहवाल लिहीत होते, आणि तो दोन मिनिटांत लिहून झाल्याने अडीचला आणखी एक अहवाल. मंगळवारी त्यांना स्काऊट मिळालं. बुधवारी शेजारच्या शाळेचंही पगारपत्रक आलं, कारण खापरवाडीत काम लवकर होतं अशी बातमी आसपासच्या शाळांत पसरली होती. हट्ट्याहूनही एक गठ्ठा आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, आमच्याकडे नवीन कॉम्प्युटर नाही.

महिनाभर बाज कपाटामागे होती तशीच राहिली, अर्धी विणलेली.

एका संध्याकाळी पाच वाजता देविदास खुर्चीत येऊन बसले. म्हातारबा समोर टवटवीत उभा होता, काम मागत असल्यासारखा. देविदासांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. मग ते दाराकडे वळले.

"द्वारकाबाई, खंडेनवमी कधी हाय?"

"पंधरा दिवस हायेत अजून," द्वारकाबाई झाडू टेकवत म्हणाल्या. "पण ते रत्नपाल सर बोलले, यंदा अक्षता आत टाकू नका. काहून इचारून राहिले?"

"काही न्हाई," देविदास म्हणाले. "यंदाचे तांदूळ माह्याकडून."